प्रिंटएफने ‘छापलं’ म्हटलं, मग मजकूर आहे कुठे?

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागलेल्या कुणालाही तीन ओळींचा एक प्रोग्रॅम लिहायला सांगा: प्रिंटएफ या छापायच्या फंक्शनने ‘एक’ छाप, पाच सेकंद थांब, ‘दोन’ छाप. लिनक्सवर चालवला की पाच सेकंद स्क्रीनवर काहीच येत नाही आणि मग ‘एकदोन’ एकदम उमटतं. ‘एक’च्या पुढे न्यूलाइन, म्हणजे ओळ संपल्याची खूण, टाकली की ‘एक’ लगेच दिसतं आणि ‘दोन’ पाच सेकंदांनी. आता हाच न्यूलाइनवाला प्रोग्रॅम, एक अक्षरही न बदलता, आउटपुट फाइलकडे वळवून चालवा आणि दुसऱ्या खिडकीतून त्या फाइलवर नजर ठेवा. पाच सेकंद ती शून्य बाइटचीच राहते.

इथे बहुतेक जण कॉम्प्युटर अडकला असं समजून कंट्रोल-सी दाबतात. नोकरीला लागल्यावर हाच घोळ वेगळ्या वेषात भेटतो. डॉकरचा कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम इतरांपासून वेगळा चालवायची डबी, चालू आहे पण लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, रिकामा आहे. सर्व्हर कोसळला आणि लॉगमधली शेवटची ओळ भलत्याच फंक्शनकडे बोट दाखवतेय. हिशेबाची फाइल ‘सेव्ह झाली’ असं दिसलं आणि लाइट जाऊन आल्यावर ती अर्धीच निघाली. प्रत्येक वेळी मजकूर वाटेत कुठेतरी थांबलेला असतो. त्या थांब्यावर ताबा ठेवायला लायब्ररीत दहा-बारा फंक्शनं दिलेली आहेत. पाठ्यपुस्तकांत ती फाइल हाताळणीच्या धड्याच्या शेपटीला एका तक्त्यात उरकलेली असतात आणि परीक्षेत ‘टीपा लिहा’पलीकडे त्यांना कुणी विचारत नाही. खरं तर पहिल्या आठवड्यात सांगावी अशी गोष्ट आहे ही. प्रिंटएफ यशस्वी झालं याचा अर्थ एवढाच, की लायब्ररीने मजकूर ताब्यात घेतला. तो पोचला का, हे वेगळं विचारावं लागतं.

मधे बसलेली लायब्ररी

तुमचा प्रोग्रॅम स्क्रीनवर किंवा डिस्कवर थेट काही लिहू शकत नाही. ते काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं. कर्नलला काम सांगणं म्हणजे सिस्टिम कॉल. हा कॉल साध्या फंक्शनपेक्षा बराच महाग पडतो, कारण प्रत्येक वेळी प्रोसेसरला प्रोग्रॅम बाजूला ठेवून कर्नलमध्ये शिरावं लागतं आणि परत यावं लागतं.

एक एमबीची फाइल एकेक बाइट लिहायची ठरवली आणि प्रत्येक बाइटसाठी कर्नलला हाक मारली, तर १०,४८,५७६ सिस्टिम कॉल होतात. तेच बाइट आधी ४०९६च्या गठ्ठ्यात साठवून दिले, तर २५६. हा फरक एवढा आहे की साठवण्याचं काम प्रत्येक प्रोग्रॅमरवर सोपवण्यापेक्षा लायब्ररीनेच करावं, असं पन्नास वर्षांपूर्वीच ठरलं. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी सीसाठी इनपुट-आउटपुटचं एक पॅकेज लिहिलं होतं, कुठल्याही मशीनवर चालावं असं. पुढे त्यावर नव्याने काम होऊन सीची ‘स्टँडर्ड आय-ओ’ लायब्ररी तयार झाली, १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर ती सगळीकडे गेली आणि १९८९च्या अमेरिकन प्रमाणकात तिचे नियम कायम झाले. आज वापरतो ती फंक्शनं बहुतांशी तीच.

या लायब्ररीत तीन शब्द कळले की पुरे. बाइट एकामागून एक ज्या वाटेने येतात किंवा जातात ती वाट म्हणजे स्ट्रीम. फाइल, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), दुसरा प्रोग्रॅम, टोकाला काहीही असलं तरी प्रोग्रॅमला ती सारखीच दिसते. त्या वाटेवर लायब्ररी मजकूर साठवते तो मेमरीचा तुकडा म्हणजे बफर. आणि बफरमध्ये साठलेलं पुढे ढकलणं म्हणजे फ्लश.

गाडी कधी सुटणार?

शेअर रिक्षा, किंवा सातारा-कोल्हापूरकडे वडाप म्हणतात ती गाडी, डोळ्यांपुढे आणा. ड्रायव्हर सीट भरल्याशिवाय हलत नाही. तुम्ही आत बसलात, पाय आखडून, मांडीवर पिशवी घेऊन. घरी फोन करून ‘निघालो’ असंही सांगितलंत. गाडी मात्र स्टँडवरच आहे. बफर असाच चालतो, आणि स्ट्रीमला गाडी सोडण्याच्या तीन रीती माहीत असतात.

पहिली, पूर्ण बफरिंग: सीट भरली की निघायचं. दुसरी, ओळीचं बफरिंग: न्यूलाइन आली की निघायचं, मग दोनच प्रवासी असोत, सीट त्याआधीच भरली तर अर्थात तेव्हाच. तिसरी, बफरिंग नाही: एक माणूस चढला की गाडी सुटली. यातली कोणती रीत हवी ते सेटव्हीबफ या फंक्शनने सांगता येतं. कोणती स्ट्रीम, कोणता बफर, कोणती रीत आणि बफर केवढा, अशा चार गोष्टी त्याला द्यायच्या. बफरच्या जागी काहीच दिलं नाही तर लायब्ररी स्वतःचा वापरते, आणि बहुतेक वेळा तेच शहाणपणाचं.

सेटव्हीबफचे दोन काच आहेत. स्ट्रीम उघडल्यावर तिच्यावर पहिलं वाचन किंवा लेखन व्हायच्या आत ते बोलवावं लागतं. मधेच रीत बदलायला गेलात तर प्रमाणक कसलीच हमी देत नाही. दुसरा काच जास्त दुष्ट आहे. मेन फंक्शनच्या आत एक अॅरे घोषित करून तोच बफर म्हणून दिलात, तर मेन संपताच तो अॅरे गेला. लायब्ररी मात्र प्रोग्रॅम बंद होताना शेवटचा फ्लश त्यानंतर करते, म्हणजे नाहीशा झालेल्या जागेतून मजकूर उचलायला जाते. निकाल कधी बरोबर येतो, कधी कचरा. असा अॅरे स्टॅटिक करावा किंवा फंक्शनच्या बाहेर ठेवावा.

तुम्ही काही सांगितलं नाही, तर कोण ठरवतं?

लायब्ररी ठरवते, आणि ती पलीकडे कोण आहे ते पाहून ठरवते. स्टँडर्ड आउटपुट, म्हणजे प्रोग्रॅमची छापायची नेहमीची वाट, तिच्या टोकाला माणूस, म्हणजे टर्मिनल असेल तर साधारणपणे ओळीचं बफरिंग. फाइल किंवा पाइप, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जाणारी नळी, असेल तर पूर्ण बफरिंग. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर हेच: टर्मिनलवर न्यूलाइनने गाडी सोडली, फाइलकडे जाताना त्याच न्यूलाइनला कुणी जुमानलं नाही.

चुकांचे संदेश जातात ती स्टँडर्ड एरर वेगळी. ती सुरुवातीला पूर्ण बफर केलेली नसावी असा प्रमाणकाचाच नियम आहे, आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तिला बफरच नसतो. ही वेगळी वाट मुळात का काढली, याचा बेल लॅब्जमधल्या मंडळींनी सांगितलेला किस्सा मजेशीर आहे. फोटोटाइपसेटिंग मशीनवर पान छापायला द्यायचं, ते धुऊन बाहेर यायचं, आणि पानावर सुबक टायपात मजकुराऐवजी ‘फाइल उघडता आली नाही’ अशा अर्थाचं वाक्य. चुकीबद्दलचा संदेशही नेहमीच्याच वाटेने गेलेला असायचा.

‘नाव टाका:’ असं न्यूलाइनशिवाय छापून लगेच स्कॅनएफ हे इनपुट वाचणारं फंक्शन बोलावलं तरी ते दिसतं, ते कसं? टर्मिनलकडून इनपुट मागण्याआधी ओळीच्या बफरिंगचं आउटपुट ढकलून द्यावं, अशी प्रमाणकाची अपेक्षा आहे आणि लिनक्सची नेहमीची ग्लिबसी लायब्ररी ती पाळते. प्रत्येक लायब्ररी पाळेलच असं नाही, म्हणून जाणते लोक अशा प्रश्नापुढे फ्लश घालतात.

ग्रेपच्या पुढे काहीच का येत नाही?

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यातलं उदाहरण. लॉग वाढत असताना तो टेल कमांडने बघायचा, ग्रेपने ‘एरर’ असलेल्या ओळी वेचायच्या आणि कटने त्यातला एक रकाना काढायचा. तिन्ही कमांड पाइपने जोडलेल्या. टेल आणि ग्रेप एवढंच असतं तेव्हा ओळी झरझर येतात. शेवटी कट जोडला की सगळं चिडीचूप.

पहिल्या जोडणीत ग्रेपच्या पलीकडे टर्मिनल होतं, दुसऱ्या जोडणीत पाइप आहे. ग्रेपला आपलं आउटपुट माणूस वाचतोय असं वाटत नाही, म्हणून तो सीट भरायची वाट बघतो. बफर ४०९६ बाइटचा आणि ओळ सरासरी ८० बाइटची धरली, तर पन्नासेक एरर जमेपर्यंत कटला काहीच मिळत नाही. रात्री दोन वाजता तासाला चार एरर येत असतील, तर दुपार उलटते.

यासाठी ग्रेपला ‘लाइन-बफर्ड’ असा पर्याय आहे. ज्या कमांडला असा पर्याय नाही तिच्यापुढे एसटीडीबफ ही कमांड लावता येते. जीएनयूच्या कोअरयूटिल्स संचात ती २००९मध्ये आली. प्रोग्रॅम सुरू होतानाच ती एक छोटी लायब्ररी आत घुसवते आणि आपण करायचं ते सेटव्हीबफ परस्पर करून टाकते. अर्थात ज्या प्रोग्रॅमने स्वतःच बफरिंग ठरवलंय, किंवा जो सीची ही लायब्ररी वापरतच नाही, त्याच्यापुढे तिचं काही चालत नाही.

‘मग प्रत्येक ओळीनंतर एफफ्लश मारतो!’

एफफ्लश म्हणजे ड्रायव्हरला ‘चल, आहेत तेवढे घेऊन नीघ’ म्हणणं. स्ट्रीमचं नाव दिलं तर तेवढीच गाडी सुटते. नावाच्या जागी नल, म्हणजे ‘काही नाही’, दिलं तर आउटपुटच्या सगळ्या स्ट्रीम.

प्रत्येक ओळीला फ्लश केल्याने प्रोग्रॅम चुकत नाही, पण बफरने वाचवलेलं सगळं परत जातं. सी प्लस प्लसमध्ये हे लोकांच्या नकळत होतं, कारण ‘एंडएल’ नुसती न्यूलाइन टाकत नाही, बरोबर फ्लशही करतं. स्पर्धेच्या प्रोग्रॅमिंगमध्ये दोन लाख ओळी छापायच्या असतात तेव्हा एंडएलच्या जागी साधी न्यूलाइन ठेवली की वेळेत न बसणारं उत्तर वेळेत बसतं, हे मुलं एकमेकांकडूनच शिकतात. सिंक-विथ-एसटीडीआयओ बंद करायची आणि इनपुट वाचणाऱ्या सी-इनची छापणाऱ्या सी-आउटशी बांधलेली गाठ सोडायची, या दोन ओळीही प्रत्येकाच्या टेम्प्लेटमध्ये चिकटवलेल्या असतात. त्या नक्की काय करतात हे विचारलं तर मात्र पुष्कळ जण गप्प होतात. पहिली ओळ सी आणि सी प्लस प्लसच्या स्ट्रीम एकमेकींशी जुळवून घेत राहण्याचा खर्च काढून टाकते. दुसरी, इनपुट वाचण्यापूर्वी होणारा आपोआप फ्लश बंद करते.

उलट बाजूही आहे. कोडफोर्सेस या स्पर्धांच्या साइटवरच्या ‘इंटरॅक्टिव्ह’ प्रश्नांत तुमचा प्रोग्रॅम प्रश्न विचारतो आणि परीक्षकाचा प्रोग्रॅम उत्तर देतो. इथे फ्लश विसरलात की तुमचा प्रश्न बफरमध्ये, परीक्षक त्याची वाट बघतोय आणि तुम्ही परीक्षकाची. शेवटी ‘आयडलनेस लिमिट’ ओलांडली असा निकाल येतो.

माझं मत विचाराल तर: समोरचा, माणूस असो की प्रोग्रॅम, तुमचं वाचून मगच काही करणार असेल तिथे फ्लश करा. बाकी ठिकाणी लायब्ररीच्या कामात लुडबूड नको.

कोसळलेला प्रोग्रॅम आणि दोनदा छापलेला नमस्कार

प्रोग्रॅम कुठे कोसळतोय ते शोधायला जागोजागी ‘इथे पोचलो १’, ‘इथे पोचलो २’ असं छापायची पद्धत जगभर चालते. आउटपुट फाइलकडे असेल तर ती सपशेल फसवू शकते. प्रोग्रॅम सातव्या टप्प्यावर कोसळतो, पण चार ते सात हे संदेश बफरमध्ये असतात आणि प्रोग्रॅमबरोबर तेही जातात. लॉगमध्ये शेवटचं ‘इथे पोचलो ३’. तुम्ही तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यातलं निर्दोष कोड दिवसभर उकरत बसता. म्हणून असे संदेश स्टँडर्ड एररवर पाठवावेत, किंवा त्यांच्यामागे एफफ्लश असावं.

प्रोग्रॅम रीतसर संपला, म्हणजे मेनमधून परत आला किंवा एक्झिट बोलावलं, तर लायब्ररी सगळे बफर रिकामे करून जाते. नावापुढे अंडरस्कोर असलेलं एक्झिट थेट कर्नलकडे जातं, लायब्ररीला विचारतच नाही, आणि बफरमधलं तिथेच संपतं. सेगमेंटेशन फॉल्टने, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याने, मेलेल्या प्रोग्रॅमचंही तेच होतं.

मुलाखतीत आवडीने विचारलं जाणारं कोडं याचाच जुळा भाऊ आहे. ‘नमस्कार’ न्यूलाइनसह छापा आणि मग फोर्क करा, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, प्रोसेसची, हुबेहूब प्रत काढा. टर्मिनलवर एक नमस्कार दिसतो. तेच आउटपुट फाइलकडे वळवा, आणि फाइलमध्ये दोन नमस्कार! फोर्क प्रोसेसची सगळी मेमरी नकलते आणि बफर त्या मेमरीतच असतो. टर्मिनलच्या वेळी न्यूलाइनने तो आधीच रिकामा केला होता. फाइलच्या वेळी तो भरलेलाच नकलला गेला, आणि शेवटी दोन्ही प्रोसेसनी आपापली प्रत इमानाने लिहून टाकली. फोर्कच्या आधी एक एफफ्लश, आणि कोडं संपलं.

‘पण आमच्या सरांनी इनपुटवर एफफ्लश शिकवलं होतं’

शिकवलं असणार. टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर प्रोग्रॅमिंग शिकलेल्या भारतातल्या कित्येक बॅचेसना स्टँडर्ड इनपुटला एफफ्लश करण्याचा मंत्र मिळालेला आहे. अडचण खरी होती. स्कॅनएफने वय वाचलं, तुम्ही ‘२१’ टाइप करून एंटर दाबलं. स्कॅनएफने २१ घेतले आणि एंटरची न्यूलाइन बफरमध्ये तशीच सोडली. पुढे एक अक्षर वाचायला गेलात की ती शिळी न्यूलाइनच हाती येते, आणि ‘प्रोग्रॅम थांबतच नाही’ अशी तक्रार सुरू होते.

सीच्या प्रमाणकात एफफ्लश आउटपुटसाठी आहे. इनपुटच्या स्ट्रीमवर ते वापरलं तर काय होईल याला प्रमाणक कसलंच बंधन घालत नाही. काही कंपायलरांनी उरलेलं इनपुट टाकून दिलं, म्हणून ते ‘चालायचं’. लिनक्सवर ग्लिबसीबरोबर टर्मिनलवरचं उरलेलं इनपुट जिथल्या तिथे राहतं, आणि लॅबमध्ये चाललेला प्रोग्रॅम घरी चालत नाही. चांगला उपाय म्हणजे एफगेट्सने पूर्ण ओळ उचलायची आणि तिच्यातून आकडा काढायचा. तेवढा बदल नको असेल तर न्यूलाइन येईपर्यंत गेटचारने एकेक अक्षर वाचून सोडून द्यायचं, आणि फाइल संपल्याची खूण आली तरी थांबायचं.

फाइल संपली हे लायब्ररीला कधी कळतं?

‘एफईओएफ नाही तोवर वाचत राहा’ हा लूप दिसायला इतका सरळ आहे की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. तीन नावांची फाइल त्यातून वाचून छापा:

आशा
रमेश
सुलभा
सुलभा

सुलभा दोनदा का आली? एफईओएफ पुढे काय आहे ते डोकावून बघत नाही. आधीचं वाचन फाइलच्या शेवटाला जाऊन आपटलं होतं का, एवढंच ते सांगतं. सुलभाची ओळ न्यूलाइनसकट नीट वाचून झाली तेव्हा वाचन कशालाच आपटलेलं नव्हतं. म्हणून एफईओएफचं उत्तर ‘नाही’. लूप पुन्हा फिरला. आता एफगेट्स अपयशी झालं, पण त्याचा निकाल कुणी तपासला नाही, आणि अॅरेमध्ये आधीचीच सुलभा होती, ती परत छापली गेली.

लूप वाचनाच्या निकालावर चालवावा: एफगेट्सने ओळ दिली तोवर फिर, नल दिलं की थांब. थांबल्यावर मग एफईओएफ आणि एफएरर यांची खरी वेळ येते. वाचन का थांबलं, फाइल संपली म्हणून की डिस्कने किंवा नेटवर्कने दगा दिला म्हणून, हे त्यांनाच विचारायचं. दोन्ही खुणा एकदा उठल्या की सहसा उठलेल्या राहतात. वाढत्या फाइलमधून पुढचं वाचायचं असेल, तर क्लिअरएररने त्या पुसाव्या लागतात.

पुढे-मागे सरकणं

एफसीकने फाइलमध्ये हव्या त्या बाइटवर जाता येतं, एफटेलने सध्या कुठे आहोत ते कळतं, रिवाइंडने सुरुवातीला. रिवाइंड काहीच परत देत नाही, त्यामुळे ते फसलं का हे त्याच्याकडून कळत नाही. वरून चूक झाल्याची खूणही पुसून टाकतं. त्याऐवजी एफसीक वापरलेलं बरं. एफटेल ‘लाँग’ प्रकारचा आकडा देतं. विंडोजवर ६४ बिटच्या प्रोग्रॅममध्येही तो ३२ बिटचाच असतो, म्हणून २,१४,७४,८३,६४७ बाइटच्या, म्हणजे सुमारे दोन जीबीच्या पुढे त्याची मजल जात नाही. मोठ्या व्हिडिओ फाइलींसाठी विंडोज आणि युनिक्स दोघांनीही आपापली वेगळी फंक्शनं दिली आहेत.

एक नियम मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतो. वाचायला आणि लिहायला अशी एकत्र उघडलेली फाइल असेल, तर लिहून झाल्यावर लगेच वाचता येत नाही; मधे एफफ्लश किंवा जागा बदलणारं फंक्शन लागतं. वाचनाकडून लेखनाकडे येतानाही, फाइलच्या शेवटाला पोचलेले नसाल तर, जागा बदलावीच लागते. नाहीतर एकाच बफरवर दोघांचे दावे.

‘मी तर पायथन लिहितो’

पायथन ३ आपल्या फाइलींसाठी सीची ही लायब्ररी वापरत नाही. त्याचा बफर स्वतःचा आहे. वागणं मात्र तेच: टर्मिनल असेल तर ओळीओळीने, नाहीतर गठ्ठ्याने. डॉकरमध्ये टर्मिनल जोडलेलं नसतं, म्हणून प्रिंट केलेल्या ओळी आत साठत राहतात आणि लॉग रिकामा दिसतो. २०१२च्या ३.३ आवृत्तीपासून प्रिंटलाच ‘फ्लश’ असा पर्याय मिळाला. सगळ्याच ओळी लगेच हव्या असतील तर पायथन चालवताना ‘-यू’ लावतात, किंवा पायथनअनबफर्ड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरतात. कित्येक डॉकरफाइलींत ती ओळ असते ती यासाठीच. पायथनची स्टँडर्ड एररसुद्धा टर्मिनल नसताना गठ्ठ्यानेच जायची. ते ३.९मध्ये बदललं.

फ्लश केलं. आता तरी डिस्कवर गेलं?

नाही. एफफ्लशने मजकूर तुमच्या प्रोग्रॅममधून कर्नलकडे गेला. शेअर रिक्षाने स्टेशनवर सोडलं, घर अजून लांब आहे. प्रोग्रॅम आता कोसळला तरी मजकूर वाचेल, पण वीज गेली तर वाचेलच असं नाही. कर्नल तो स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये असा मजकूर ३० सेकंदांपर्यंत मेमरीत राहू शकतो. ‘सेफली रिमूव्ह’ न करता पेन ड्राइव्ह उपटू नका असं सांगायचे ते याचसाठी. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हसाठी ही साठवण डीफॉल्टमध्ये बंद ठेवली. त्याने गती थोडी घटते, धोका कमी होतो.

कर्नलला ‘आत्ताच्या आत्ता उतरव’ असं सांगणारा सिस्टिम कॉल म्हणजे एफसिंक. तो सीच्या लायब्ररीचा भाग नाही, युनिक्सच्या घराण्यातला आहे. आणि त्याच्यावरही आंधळा विश्वास नको, हे पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या मंडळींना २०१८मध्ये कळलं. लिनक्सवर एफसिंक एकदा फसला आणि डेटाबेसने पुन्हा प्रयत्न केला, तर दुसऱ्यांदा ‘यशस्वी’ असं उत्तर मिळू शकायचं. मधल्या काळात कर्नलने त्या मजकुराची मेमरीतली पानं ‘स्वच्छ’, म्हणजे डिस्कवर उतरलेली, धरलेली असायची आणि मजकूर डिस्कवर गेलेलाच नसायचा. २०१९च्या फेब्रुवारीतल्या सुधारित आवृत्त्यांत त्यांनी धोरण बदललं: एफसिंक फसला की पुन्हा प्रयत्न करायचा नाही, डेटाबेस बंद पाडायचा आणि नोंदींवरून पुन्हा उभा करायचा.

‘आमचं काम एवढं नाजूक नसतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी लिनक्सवर /डेव्ह/फुल नावाची फाइल ठेवलेली आहे. तिच्यात काहीही लिहायला गेलं की ‘जागा संपली’ अशी चूक मिळते. पहिल्या दिवशी लिहिलेला ‘हॅलो वर्ल्ड’ घ्या आणि त्याचं आउटपुट तिकडे वळवा. प्रिंटएफ किती अक्षरं छापली तो आकडा खुशाल परत देतं. प्रोग्रॅम शून्य देऊन संपतो, म्हणजे सगळं ठीक. एकही बाइट कुठे गेलेला नसतो. चूक झाली ती शेवटच्या फ्लशच्या वेळी, मेन संपल्यावर, जेव्हा विचारणारं कुणी उरलं नव्हतं. एफक्लोजसुद्धा यश-अपयश सांगतं, आणि डिस्क भरल्याची बातमी पुष्कळदा पहिल्यांदा त्याच्याकडूनच मिळते. तरीही त्याचा निकाल तपासणारं कोड मी फार थोडं पाहिलंय.

हिशेबाची फाइल खरोखर जपायची असेल तर युनिक्सच्या जगातली रीत अशी. जुन्या फाइलला हात न लावता त्याच डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाची नवी फाइल लिहायची. मग एफफ्लश, एफएररची चौकशी, एफसिंक, एफक्लोज, आणि चौघांचेही निकाल तपासायचे. सगळे ठीक निघाले तरच रीनेमने नवी फाइल जुनीच्या जागी आणायची, आणि ते नाव बदलणंही टिकावं म्हणून डिरेक्टरीलाही एफसिंक करायचा. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांतला डीपीकेजी हा प्रोग्रॅम पॅकेजं बसवताना फाइलींचं नाव बदलण्याआधी असाच एफसिंक करतो, म्हणून जुन्या हार्ड डिस्कवर तो रेंगाळल्यासारखा वाटतो. ज्यांना तो उशीर नको त्यांच्यासाठी एफसिंकला गुपचूप निकामी करणारी लायब्ररीही आहे, ‘ईटमायडेटा’ नावाची. चाचणी संपली की पुसून टाकायच्या मशीनवर लोक ती खुशाल लावतात.